जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : वडिलांनी घेतलेली 1986 सालची पेट्रोल ॲम्बेसिडर मी अजून चालवतो. गेल्या महिन्यात तेल आणि फिल्टर बदलून घेतले आणि तेव्हापासून रोज सकाळी फिल्टरच्या भांड्याखाली फरशीवर रुपयाएवढा डाग दिसतो. मेकॅनिकने खालचा बोल्ट दोनदा आवळला, मग कडेने सिलिकॉन फासले. गळती कमी झाली, पण थांबली नाही. आता तो म्हणतो की भांडे काढून टाका आणि अडॅप्टर लावून हल्लीच्या गाड्यांसारखा डब्याचा फिल्टर बसवा. हे करावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अडॅप्टरचा विचार शेवटी करू. आधी हे तेल नक्की कोठून येते ते पाहावे लागेल, कारण भांडे सर्वांत खाली लोंबत असल्यामुळे रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून किंवा प्रेशर गेजच्या नळीच्या जोडातून पाझरलेले तेलही ओघळत येऊन तेथेच थेंब धरते आणि आळ मात्र फिल्टरवर येतो. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने भांडे, त्याच्या वरचा भाग आणि आजूबाजूचे इंजिन पुसून काढावे, पेट्रोल पूर्ण उडून जाऊ द्यावे आणि मग थंड इंजिनावरच घरातली साधी टाल्कम पावडर त्या सर्व भागावर भुरभुरावी. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद केले की पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. ती भांड्याच्या वरच्या कडेपासून सुरू होत असेल तर दोष रबरी रिंगचा असतो, खालच्या बोल्टच्या डोक्याभोवती सुरू होत असेल तर त्या बोल्टच्या वायसरचा. वाट आणखी वरून येत असेल तर फिल्टर निर्दोष आहे असे समजावे.

आपल्या वर्णनावरून दोष रिंगचा असावा असे वाटते, आणि त्याचे कारण या इंजिनाच्या रचनेतच आहे. ॲम्बेसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. तिचे 1489 सीसीचे इंजिन हे ब्रिटनमधल्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातले. त्यात फिल्टर म्हणजे कागदी एलिमेंट (तेल गाळणारा सुटा भाग) एका लोखंडी भांड्यात ठेवायचा आणि ते भांडे एका लांब बोल्टने इंजिनाला लागून असलेल्या बेसला खालून टांगायचे. (1990च्या दशकात आलेल्या 1800 सीसीच्या इसुझू इंजिनाच्या ॲम्बेसिडरला पुढील मजकूर लागू नाही.) बेसमध्ये एक गोल, खोल खाच असते आणि तिच्यात रबरी रिंग बसते. भांडे खाली उतरवले की ही रिंग त्याच्याबरोबर खाली येत नाही, वर खाचेतच राहते. वर्षानुवर्षे तापून ती इतकी काळी आणि कडक झालेली असते की खालून वाकून पाहणाऱ्याला ती खाचेचा तळच वाटते. मेकॅनिक मग नवी रिंग तिच्यावरच बसवतो. आमच्याकडे आलेल्या एका गाडीच्या खाचेतून आम्ही एकावर एक बसलेल्या तीन रिंगा काढल्या होत्या. सर्वांत आतली तर दाभणाने टोचली की खपलीसारखी तुकड्यातुकड्यांनी निघत होती. अशा थरावर भांड्याची कड सरळ बसत नाही, एका बाजूने किंचित तिरकी राहते आणि तेवढ्याच जागेतून तेल झिरपते.

म्हणून भांडे पुन्हा उतरवावे लागेल. खाली रुंद ताट ठेवावे, कारण त्यात बरेच तेल असते. खाचेत दाभण किंवा टोकदार सळई घालून जे काही रबर असेल ते उचकटून काढावे, सिलिकॉनचा कणही शिल्लक ठेवू नये आणि शेवटी छोटा आरसा व बॅटरी घेऊन खाचेच्या तळाला धातूची चमक दिसते की नाही ते पाहावे. नव्या एलिमेंटबरोबर पुष्कळदा दोन-तीन वेगवेगळ्या मापांच्या रिंगा येतात. त्यांतली कोणतीही एक घालायची नसते. काढलेल्या रिंगच्या जाडीशी आणि काटछेदाशी जुळणारीच घालावी. रिंगला नव्या तेलाचे बोट लावावे आणि ती बसवताना एका टोकापासून सुरुवात करून गोल दाबत जाऊ नये. तसे केले की रबर ताणले जाते, शेवटी थोडी रिंग उरते आणि ती उरलेली जागा फुगून राहते. समोरासमोरच्या चार ठिकाणी ती आधी दाबावी, मग मधले भाग आत सारावेत. याच इंजिन-घराण्यातील एमजीबी या ब्रिटिश मोटारीच्या वर्कशॉप पुस्तिकेतही हीच पद्धत दिलेली आहे.

आता अधिक महत्त्वाची गोष्ट. बाहेर गळणारे तेल डोळ्यांना दिसते, म्हणून आपण पत्र लिहिले. पण या भांड्यात दुसरी एक चूक होऊ शकते, जी वर्षभर कोणाला कळत नाही. भांड्याच्या तळाशी बोल्टवर एक स्प्रिंग असते, तिच्यावर लोखंडी वायसर, त्यावर रबराचा किंवा नमद्याचा वायसर आणि सर्वांत वर एलिमेंटला टेकणारी पत्र्याची चकती. हा संच एलिमेंटला खालून सतत वर रेटतो, त्यामुळे एलिमेंट बेसला घट्ट चिकटून राहतो आणि प्रत्येक थेंबाला कागदातूनच जावे लागते. भांडे रॉकेलने धुताना स्प्रिंग ताटात पडून राहिली, किंवा तो मधला लहानसा वायसर जुन्या एलिमेंटच्या बुडाला चिकटून कचऱ्यात गेला, तर एलिमेंट आत सैल राहतो. बाहेर थेंबही पडत नाही, गेजवर प्रेशर उत्तम दिसते आणि तेल मात्र एलिमेंटच्या कडेने, न गाळता, थेट बेअरिंगकडे जाते. मला विचाराल तर फरशीवरचा डाग परवडला. तेव्हा भांडे उतरवलेच आहे तर हे सर्व भाग जागच्या जागी आहेत का ते स्वतः मोजावे, आणि जुना एलिमेंट टाकण्यापूर्वी त्याचे दोन्ही बाजूंचे बूड बोटाने चाचपावे. नव्या एलिमेंटची उंची जुन्याएवढी आहे का तेही पाहावे. आखूड एलिमेंट बसवला तर स्प्रिंग असूनही नसल्यासारखीच.

बोल्ट किती आवळावा याला माप आहे. वर सांगितलेल्या पुस्तिकेत ते 15 फूट-पौंड, म्हणजे अदमासे 20 न्यूटन-मीटर दिले आहे. साध्या भाषेत, मध्यम लांबीच्या पान्याने एका हाताचा जोर, दोन हातांचा नव्हे. आवळता आवळता दुसऱ्या हाताने भांडे थोडे इकडेतिकडे फिरवत राहावे, म्हणजे कड रिंगवर नीट बसते. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, भांड्याचे बूड मात्र आत चेपते आणि बेसमधले आटे जातात. आणखी एक सांगतो. या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत आणि आजच्या गॅरेजात पाने मिलीमीटरचे असतात. अर्ध्या इंचाचे डोके 12.7 मिलीमीटर भरते, त्यावर 13 चा पाना चढवला की तो चालतो असे वाटते, पण दोन-चार वेळा आवळण्या-सोडण्यात कोपरे गोल होतात. आपल्या मेकॅनिकने बोल्ट दोनदा आवळला आहे, तेव्हा त्याचे डोकेही पाहून घ्यावे. इंची पान्यांचा एक संच डिकीत ठेवणे हा या गाडीवरचा सर्वांत योग्य खर्च आहे.

सर्व जोडून झाल्यावर इंजिन लगेच सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढून, गेजची सुई हलेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने स्टार्टर मारावा, मग गाडी सुरू करावी. फिल्टर भरल्यावर तेलाची पातळी उतरलेली असते, म्हणून इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पुन्हा पाहावी.

राहिला अडॅप्टर. तो वाईट नाही. चांगल्या अडॅप्टरने ही खाच आणि रिंग यांची कटकट कायमची संपते. मात्र त्याच्या स्टडचे, म्हणजे ज्या आटेदार दांड्यावर फिल्टर चढतो त्याचे, आटे विचारल्याशिवाय त्यावर कोणताही फिल्टर चढवू नये. ब्रिटिश मापाच्या अडॅप्टरचा स्टड बहुधा पाऊण इंच व्यासाचा आणि इंचाला 16 आट्यांचा, म्हणजे 19.05 मिलीमीटरचा असतो. जपानी घराण्यातील अनेक गाड्यांच्या फिल्टरचे भोक 20 मिलीमीटरचे असते आणि आटे दीड मिलीमीटर अंतराचे. हा मोठ्या भोकाचा फिल्टर लहान स्टडवर सहज चढतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे जेमतेम टोकांनीच धरलेले असतात आणि सकाळी थंड, घट्ट तेलाचे प्रेशर वाढले की तो निसटू शकतो. दोन आटे चढवल्यावर फिल्टर हाताने डुलत असेल तर तो काढून दुकानदाराला परत करावा.

प्रश्न : माझ्या 1998 सालच्या ओम्नीचा ऑइल फिल्टर कितीही प्रयत्न केला तरी सुटेना. शेवटी आरपार स्क्रू-ड्रायव्हर ठोकून फिरवला, तर डबाच फाटला. आता इंजिनाला फक्त फाटका पत्रा आणि खालची चकती उरली आहे. गाडी हलवता येत नाही. कसे सोडवू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : स्क्रू-ड्रायव्हरचा उपाय आपल्याकडे फारच लोकप्रिय आहे आणि फिल्टर खरोखर अडकलेला असतो तेव्हा नेमका तोच दगा देतो, कारण डब्याचा पत्रा पातळ असतो. आटे असलेली खालची चकती मात्र जाड असते, आणि आता काम तिच्याशीच आहे. फाटका पत्रा पक्कडीने वाकवून बाजूला करावा किंवा कात्रीने कापून टाकावा. चकतीच्या कडेला किंवा तिच्यावरच्या एखाद्या भोकाच्या काठाला बोथट छिन्नी तिरकी लावावी आणि घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सुटण्याच्या दिशेने, हातोडीचे लहान लहान ठोके द्यावेत. एकाच जागी न मारता समोरच्या बाजूलाही मारावे. इंजिनाच्या ज्या गुळगुळीत तोंडावर फिल्टरची रिंग टेकते त्याला छिन्नीचा ओरखडा बसता कामा नये, नाहीतर नवा फिल्टरही गळेल. चकतीबरोबर मधला स्टडच सुटून आला तर घाबरू नये. तो चकतीतून सोडवून, पुसून, पुन्हा इंजिनात घट्ट बसवावा आणि मगच फिल्टर लावावा.

फिल्टर असा अडकतो तो बहुतेक वेळा कोरडी रिंग आणि पान्याने आवळणे या दोन कारणांनी. नव्या फिल्टरच्या रिंगला तेलाचे बोट फिरवावे, रिंग इंजिनाला टेकेपर्यंत तो हाताने चढवावा आणि तेथून पुढे हातानेच सुमारे पाऊण फेरा द्यावा. पाना फक्त सोडवण्यासाठी असतो.

चकती निघाली की एक गोष्ट न चुकता पाहावी : जुनी रबरी रिंग चकतीवर आहे का. नसेल तर ती इंजिनाला चिकटून राहिली आहे, आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला तर दोन रिंगा एकमेकींवर घसरतात. मंद चालणाऱ्या इंजिनावर काहीच दिसत नाही. हमरस्त्याला लागल्यावर बाहेरची रिंग सटकते आणि काही मिनिटांत चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) रिकामे होते. वर ॲम्बेसिडरबाबत जी चूक सांगितली तिचीच ही धाकटी बहीण, पण शिक्षा कितीतरी मोठी.

नवा फिल्टर घेताना चकतीवरच्या लहान भोकांतून आत पाहावे. तेथे रबराची मऊ पाकळी दिसली पाहिजे आणि काडीने दाबल्यावर ती लवली पाहिजे. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल खाली उतरू नये म्हणून ती असते. नकली मालात ती कडक असते किंवा नसतेच, आणि अशा गाडीचे इंजिन सकाळी सुरू होताना काही क्षण खडखडते.

प्रश्न : माझ्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचा फिल्टर मी स्वतः बदलला. आता फिल्टरच्या टोपणाकडून तेल पाझरते आणि नट आवळला तरी फिरतच राहतो.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नट फिरत राहतो म्हणजे आटे गेले आहेत. त्यापुढे एक फेराही देऊ नये. प्रथम नट काढून नवा लावून पाहावा, कारण पुष्कळदा झिजलेला नट असतो आणि आपण इंजिनाच्या कवचाच्या ॲल्युमिनियमला दोष देतो. स्टडचेच आटे गेले असतील तर नवा स्टड घालावा, आणि ज्या ॲल्युमिनियममध्ये तो बसतो तेथलेच गेले असतील तर खरादीच्या दुकानात हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्यावी. सिलिकॉन भरून टोपण चिकटवू नये. त्याचा सुटलेला कण तेलाच्या बारीक वाटेत अडकला तर बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला) तेल मिळणार नाही.

या गाडीचा फिल्टर नमद्याचा असतो. जुना पेट्रोलमध्ये धुऊन पुन्हा वापरू नये, आणि नवा घालण्यापूर्वी स्वच्छ तेलात भिजवावा. टोपणाखालचे स्प्रिंग व वायसर जुन्या नमद्याबरोबर फेकले गेले नाहीत ना, ते टाकलेल्या कचऱ्यात एकदा पाहून घ्या. टोपणाचा वायसर दर वेळी नवाच घालावा. जोडणी झाल्यावर इग्निशन बंद ठेवून वीस-पंचवीस किक माराव्यात, म्हणजे पंपाला रिकामा कप्पा भरायला वेळ मिळतो, आणि त्यानंतरच गाडी सुरू करावी.