चेहऱ्याखाली एवढं लॅटिन कशाला?

प्रश्न: युरोपातल्या जुन्या पुस्तकांत सुरुवातीलाच लेखकाचं छापील चित्र असतं, भोवती ओव्हल चौकट, खाली ढालीसारखं काहीतरी आणि लॅटिन ओळी. ही नुसती सजावट की त्याला काही अर्थ असायचा? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अर्थ तर भरपूर, मी तर म्हणेन त्यात चेहऱ्याचंच काम सगळ्यात कमी. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1526 मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला डच विद्वान इरॅस्मस बघा, नेटवर लगेच सापडेल. पंडितजी उभ्याने लिहितायत, एका हातात लेखणी, दुसऱ्यात दौत, बाजूला फुलदाणी, आणि पुढ्यात जाडजूड पुस्तकं अशी ठेवलीत की पहिली नजर तिकडेच जाते. मागे भली मोठी पाटी, तीवर लॅटिनमध्ये लिहिलंय की हे ड्यूररने प्रत्यक्ष बघून काढलं, आणि त्याखाली ग्रीकमध्ये, की याहून चांगली प्रतिमा त्याचं लेखनच दाखवेल. आता ग्रीक वाचणारे तेव्हा होते किती, म्हणजे ज्याला ती ओळ लागली तोही आपोआप विद्वानांच्या पंगतीत! गंमत म्हणजे ड्यूररने त्याला बघून स्केच केलं होतं 1520 मध्ये, सहा वर्षं आधी, त्यामुळे चित्र हुबेहूब नाही यात नवल नाही, मी आता तेव्हासारखा राहिलोच नाही असं खुद्द इरॅस्मसनेच पत्रात लिहिलं.

ती ढाल म्हणजे घराण्याचं चिन्ह. आपल्याकडे लग्नपत्रिकेत नावापुढे डिग्र्या लावतात तसंच, फक्त इथे घराणं, हुद्दा, कुणाचा आश्रय, सगळं एका कागदावर. फ्रान्समध्ये नान्तय नावाच्या कोरणाऱ्याने चौदाव्या लुईपासून मंत्री-बिशपांपर्यंत 200 च्या वर चेहरे असे ओव्हलमध्ये बसवले. तिथले श्रीमंत विद्यार्थी प्रबंध राजाला किंवा बड्या माणसाला अर्पण करायचे आणि वर त्याचंच मोठं चित्र छापायचे, सरळ सरळ वशिला म्हणा ना.

आणि एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघायच्या, त्यामुळे तैलचित्र एका भिंतीवर राहायचं पण हे कागद गावोगाव फिरायचे.

मला मात्र व्हॅन डाइक या फ्लेमिश (आजच्या बेल्जियममधल्या) चित्रकाराची 1630 च्या दशकातली अशा छापील चेहऱ्यांची मालिका जास्त आवडते. अँटवर्पमध्ये छापलेल्या 80 चित्रांत राजेरजवाडे-सेनापती 16, मुत्सद्दी आणि विद्वान 12, आणि कलावंत-कलाप्रेमी तब्बल 52! हे चित्रकार झुळझुळीत झगे घालून सरदारांच्या ऐटीत उभे, ब्रश-पॅलेट फारसं कुठे दिसत नाही, कारण हाताने काम करणारा कारागीर ही ओळखच त्यांना पुसायची होती.