कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून विचारलंत म्हणून: परत यावं का?

बडोद्यात सहा वर्षं प्रोसेस इंजिनीअर, आता गोदामात रात्रपाळी, आणि परत आलो तर लोक काय म्हणतील, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. हेच दिवस मी काढलेत.

मला सगळ्यात महाग पडलं ते नवागतांना मदत करणारं एक कार्यालय. समोरच्या बाईंनी माझ्या सीव्हीवर पेन्सिलीने रेघा ओढल्या. डिस्टिलेशन कॉलम, शटडाउनची कामं, सगळं गेलं. म्हणे, ओव्हरक्वालिफाइड दिसता, आधी काहीतरी सुरू करा. ते काहीतरी संपेचना. रात्रभर खोकी उचलल्यावर दिवसा इंटरव्ह्यू कसला देणार? आणि परवान्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही! इमिग्रेशनसाठी डिग्रीचं मूल्यांकन होतं, तो इंजिनीअरचा परवाना नव्हे. तुमच्या ऑन्टारियो प्रांतात तो पीईओ ही इंजिनीअरांची नियामक संस्था देते. माझ्या वेळी त्यासाठी वर्षभराचा कॅनडातला अनुभव लागायचा. ती अट 2023 मध्ये निघाली. म्हणून निर्णय काहीही घ्या, परवान्याचा अर्ज आधी करा.

माझं मत विचाराल तर परत या. मुलं तिथे शाळेत असतील, कर्ज असेल, तर हिशोब वेगळा. मी काही इमिग्रेशनचा जाणकार नाही.

मी परत येऊन बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत नव्याने रुजू झालो तेव्हा एका रिबॉयलरला (कॉलमच्या तळाचा द्रव वाफेने तापवणारं यंत्र) स्टीम वाढवूनही तापमान चढत नव्हतं. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, तुम्ही बघा ना जरा." वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा स्टीम ट्रॅप गार पडला होता, म्हणजे तो चिकटून आत ते पाणी तुंबलेलं. बायपास उघडला आणि काटा हलला. कॅनडात एवढ्या वर्षांत "तुम्हाला काय वाटतं" असं मला कुणी विचारलं नव्हतं. इथे रोज विचारतात. पगार कमी आहे, पण झोप लागते.

लोकांचं म्हणाल तर बडोद्यात दांडिया बाजारात चार दिवस चौकशा होतात, मग सगळे आपापल्या कामाला लागतात.

पीआरची, म्हणजे कॅनडातल्या कायम वास्तव्याच्या हक्काची, धास्ती नको. कधीही मोजलं तरी मागच्या पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात भरलेले असले की ते टिकतं. तुमचे किती झाले ते मोजा. आल्यावर बँकेला कळवून एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं निवासी खात्यात बदलून घ्या.

तिकीट मात्र आधी काढू नका. नंदेसरी, दहेजकडच्या कारखान्यांत तिथूनच नोकरीचे अर्ज टाका आणि पहिली फेरी व्हिडिओवर घ्याल का, विचारा. इथले संध्याकाळचे 6 म्हणजे उन्हाळ्यात तिथले सकाळचे 8:30, पाळी सुटल्यावर जमेल.