श्रीमंतांची कमाई कायद्याने गरिबांना देणे उदारमतवादात बसते का?

आपण विचारले आहे की, उदारमतवाद जर व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि मालमत्तेचा हक्क मानतो, तर एकाची कमाई कराच्या रूपाने घेऊन दुसऱ्याला देणे त्या विचारात कसे बसते. माझे आजोबा गोव्यातील फोंडा तालुक्यात एका भाटात, म्हणजे बागायतीत, मुंडकार होते; मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. घर त्यांनी स्वतः बांधलेले, पण खालची जमीन भाटकाराची, म्हणजे भाटाच्या मालकाची. त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाही आहे.

आपल्या शंकेची सर्वांत भक्कम मांडणी अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी 1974 साली केली. श्रमाच्या मिळकतीवरील कर म्हणजे एक प्रकारची वेठबिगारीच, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही. मात्र त्यांच्याच सिद्धान्तात एक अट आहे. मालमत्ता मुळात न्याय्य मार्गाने मिळालेली असावी, न्याय्य मार्गानेच हस्तांतरित झालेली असावी आणि मधे अन्याय घडला असल्यास त्याचे निवारण व्हावे. गोव्यात 1541 साली तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न मिशनऱ्यांकडे वळवण्यात आले. अशा भूमीत मालकीचा धागा मागे शोधत गेलो, तर नोझिक यांची कसोटी किती मालकांना पेलेल?

दुसरे अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 साली वेगळा रस्ता घेतला. आपण भाटकाराच्या पोटी जन्मणार की मुंडकाराच्या, हे ठाऊक नसताना समाजाचे नियम ठरवायचे झाले तर कोणते ठरवू, असे ते विचारतात. त्यांचे उत्तर असे की, मूलभूत स्वातंत्र्ये सर्वांना समान आणि अग्रक्रमाने मिळावीत, संधी खऱ्या अर्थाने समान असावी, आणि त्यानंतर उरणारी विषमता सर्वांत खालच्या माणसाच्या अधिकाधिक हिताची असेल तेवढीच राहावी. म्हणजे रॉल्स आधी मालकी ठरवून मग तिच्यातून काढून घ्यायला सांगत नाहीत. कोणाचे किती, हेच मुळात न्याय्य नियमांतून ठरते. मला हे पटते, कारण भाटकाराची मालकीसुद्धा कोणत्या तरी राजवटीच्या कायद्यानेच उभी होती.

1975 सालच्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला बेदखल होण्यापासून संरक्षण दिले आणि किंमत मोजून घर व त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. याला कोणी संपत्तीचे वाटप म्हणेल. मी स्वातंत्र्याचे वाटप म्हणतो. डोक्यावरचे छप्पर ज्याच्या मर्जीवर टिकते, त्याच्यासमोर मजुरी वाढवून मागणे किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध मत देणे माणसाला किती अवघड जाते, हे आजीच्या बोलण्यातून मी लहानपणापासून ऐकत आलो. कोणी उघड धमकी देत नसे. तशी गरजच नसे.

तरी भाटकाराची बाजूही न्यायाची बाजू आहे. एवढेसेच भाट असलेली विधवा आणि गावभर जमीन असलेला मालक यांच्या ऐपतीत मोठे अंतर असते, पण ज्याच्या जमिनीत मुंडकाराचे घर त्याच्यावर भार, असाच या कायद्याचा मूळ हिशेब आहे. कर मात्र ऐपतीप्रमाणे सर्वांवर वाटता येतो आणि कोणाचीही विशिष्ट वस्तू काढून घेत नाही. म्हणून आपण ज्या करावर आक्षेप घेता, तो मला पुनर्वाटपाच्या सर्व साधनांत व्यक्तिस्वातंत्र्याला सर्वांत कमी धक्का लावणारा वाटतो.