पॅनोरमा पट्टीसारखा दिसतोय? लेन्स घेऊ नका आधी

भाऊ, सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचा तुमचा पॅनोरमा, म्हणजे फोटो जोडून केलेला रुंद फोटो, बघितला. नुसती लांब पट्टी दिसतेय, कुठली वाइड लेन्स घेऊ असं विचारलंय तुम्ही, माझंही सुरुवातीला अगदी हेच रडगाणं होतं. ओव्हरलॅप, मॅन्युअल एक्स्पोजर हे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो.

वाइडने लांबचा काठ अजूनच बारीक होईल. उलट ५० किंवा ८५ एमएमची लेन्स लावा, कॅमेरा उभा धरा आणि एकापुढे एक काढलेले फोटो जोडा. आणि ४:१ वगैरेच्या (रुंदी उंचीच्या चौपट) नादाला लागू नका. एक्सपॅन नावाचा फिल्मवरचा पॅनोरमा कॅमेरा होता त्याची फ्रेम २४ बाय ६५ मिमी, म्हणजे साधारण २.७:१, तेवढी रुंदी भरता भरता नाकी नऊ येतात. दोन्ही टोकांना काहीतरी वजनाचं पाहिजे. टोक हाताने झाकून बघा, फोटोचं काही बिघडत नसेल तर ते टोक फुकट आहे.

हे एवढं ठासून का सांगतोय, तर एका ऑफिसला त्यांच्या हॉलसाठी सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाचा पॅनोरमा दिला होता. डाव्या टोकाला भुईकोट किल्ल्याचा बुरूज, उजव्या टोकाला देऊळ, आणि मधे मुद्दाम मोकळं सोडलेलं पाणी. माप ३ फूट बाय १ फूट, लेखी दिलेलं. पण साहेबांकडे जुनी फ्रेम पडून होती, मग काय, दोन्ही बाजू कापल्या आणि बसवला त्यात! राहिलं फक्त पाणी. वर ‘फोटोत काहीच नाही’ म्हणून बिल अडवलं, ह्या टेबलवरून त्या टेबलवर नुसते खेटे, पैसे आजतागायत नाहीत. तेव्हा कुणाला देणार असाल तर फ्रेम आपणच करून द्या, ॲडव्हान्स घेऊन. सगळी ऑफिसं अशी नसतात म्हणा, पण मला लई मनस्ताप झाला.

बाकी, पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, सूर्यापासून काटकोनात आभाळ गडद होतं आणि रुंद फोटोत मधेच काळपट पट्टा येतो. जवळची बाभळीची फांदी टोकाला घेणार असाल तर कॅमेरा लेन्सच्या ज्याला नोडल पॉइंट म्हणतात त्या जागेवर (जिथे फिरवलं तर जवळच्या-लांबच्या वस्तू एकमेकींपुढून सरकत नाहीत) फिरवायला लागतो, नाहीतर जोडताना फांदी तुटते. तसं फिरवायला ट्रायपॉडवर लावायचं नोडल हेड महाग असतं, त्यापेक्षा फांदीपासून जरा लांब उभे राहा.

हे आपलं माझं मत, ड्रोनवाले वेगळं सांगतील. तुमच्या फोटोत डावीकडचं रिकामं पाणी कापा, २:१ करा आणि परत टाका इथे, बघू.