तिच्या वाटणीचे तांदूळ

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या चर्चचं फेस्त दरवर्षी थाटात होतं. रोषणाई, बँड, दारूकाम सगळं असतं. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई गदगची. ती पत्र्याच्या खोलीत राहते, पावसात आत पाणी शिरतं. तुम्ही ख्रिस्ती, म्हणून विचारते, राग मानू नका. गरिबांसाठी तुमचं चर्च करतं काय? आणि करतं ते धर्म वाढवायला का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : राग कसला, ताई? हाच प्रश्न पॅरिसच्या विद्यार्थ्यांना भर चर्चेत कुणीतरी टाकला होता. त्यातला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. प्रश्न त्याला झोंबला. त्याने मित्र गोळा केले, रोझली रेंदू नावाच्या सिस्टरने त्यांना गरिबांची घरं दाखवली आणि 1833 मध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. गोव्यातही तिचं काम चालतं. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, मी अकरा वर्षं त्यात आहे.

आमची रीत अशी, की गरिबाला दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, तेही दोघांनी. ही रीत मला समजायला वेळ लागला. म्हापशाजवळ एका आजींकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तांदळाची पिशवी उंबऱ्यावर ठेवून मी निघालेच होते. त्या म्हणाल्या, ‘‘बसा की.’’ घरात स्टूल एकच, त्यावर पाण्याची कळशी. त्यांनी कळशी खाली ठेवली, पदराने स्टूल पुसलं. बसले म्हणून कळलं, की तीन महिने त्यांना रेशनच मिळालं नव्हतं. जन्मभर भांडी घासून बोटं झिजलेली, यंत्र अंगठा घेईना. आम्ही पाच किलो तांदूळ घेऊन मिरवत होतो आणि त्यांच्या हक्काचे तांदूळ दुकानात पडून होते! मग आधार केंद्रावर दोन खेपा घातल्या, ठसे नव्याने दिले, मोबाइल नंबर जोडला, तेव्हा कुठे धान्य सुरू झालं.

ऑगस्टात आम्ही कणसांचं फेस्त करतो, नवी कणसं इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, आशीर्वादाला नेतो. बायबलात लेवीयाच्या 19व्या अध्यायात सांगितलंय, की शेताचे कडेकोपरे कापू नका, गळलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. म्हणजे ती वाटणी त्याचीच. आपण काढून दिलेली भीक नव्हे. हे आम्हालाच पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

धर्माचं म्हणाल, तर त्या आजींच्या घरात यल्लम्माची तसबीर आहे, रोज उदबत्ती लागते. आम्ही कधी विषय काढला नाही, काढणारही नाही. मत्तयाच्या 25व्या अध्यायात ख्रिस्त म्हणतो, की भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला तुम्ही जे केलंत ते मला केलंत. त्यांचा धर्म कोणता, हे तिथे कुणी विचारत नाही.

उणीवही सांगते. रोषणाईबद्दलचा तुमचा बोल मला लागला, कारण तो खरा आहे. त्याहून मला सलतं ते वेगळंच. काही गावांत कॉन्फ्रारियातले, म्हणजे चर्चचे सण-मिरवणुका सांभाळणाऱ्या मंडळातले, मान जातीने ठरत आले. ज्याला आपण मिरवणुकीत मानाने उभं करत नाही, त्याच्या घरी नाताळाला पिशवी पोचवून काय साधणार? पोप फ्रान्सिस यांनी 2017 पासून नोव्हेंबरातला एक रविवार गरिबांचा म्हणून पाळायला लावला. त्या रविवारी तरी पहिला बाक त्यांना द्यावा, असं मी आमच्या व्हिगारांना, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रींना, सांगितलं आहे.

आता तुमच्या बाईंचं. त्यांचं रेशनकार्ड गदगचं असलं तरी एक देश, एक रेशनकार्ड योजनेत गोव्यातल्या दुकानातही धान्य मिळतं. कार्ड आधारला जोडलेलं आहे का, एवढं त्यांना विचारा. आणि जूनच्या आधी त्यांच्या खोलीवर जाऊन तो पत्रा बघून या. जाताना बरोबर कुणाला तरी घ्या, आणि त्या बसा म्हणाल्या तर बसा.