दादा, ह्यात स्तंभ कुठला?

प्रश्न : ताई, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या मावसबहिणीला जन्मापासून दिसत नाही, ती नववीला आहे, तिच्यासाठी म्हणून बोटानं वाचायचे आलेख छापायचं सॉफ्टवेअर करायलोय. मॅटप्लॉटलिब ह्या आलेख काढायच्या प्रोग्रॅमनं बारा महिन्यांच्या पावसाचा स्तंभालेख काढला, ओळखीच्यांकडच्या ब्रेल एम्बॉसरवर, म्हणजे कागदावर ठिपके उठवायच्या मशीनवर, छापून आणला, तिनं बोटं फिरवली अन् म्हणाली, दादा ह्यात स्तंभ कुठला अन् बाकीच्या रेषा कुठल्या? लै वाईट वाटलं. कुठं चुकलो मी?

उत्तर : अरे, तिनंच तर तुला चूक सांगितली. तू डोळ्यांसाठी काढलेलं चित्र जसंच्या तसं उठवलंस. डोळ्याला अख्खा आलेख एका नजरेत दिसतो, बोटाला एका वेळी बोटाखाली मावेल तेवढाच कळतो, बाकीचं सगळं तिला डोक्यात जोडावं लागतं. म्हणून तुझ्या सॉफ्टवेअरचं पहिलं काम गाळणं. मागची जाळी काढ, चौकट काढ, अक्ष बारीक अन् स्तंभ ठसठशीत ठेव.

दुसरं म्हणजे अक्षरं. ब्रेल लहान करता येत नाही बाबा, एक घर, म्हणजे एका अक्षराच्या ठिपक्यांचा चौकोन, साधारण 6 मिलिमीटर जागा खातंच. ‘100’ लिहायचं तर आधी ‘पुढं अंक आहेत’ असं सांगणारं अंकचिन्ह अन् मग तीन अंक, म्हणजे चार घरं, अडीच सेंटीमीटर गेले. बारा महिन्यांची नावं दोन-दोन घरांत बसवलीस तरी मधल्या मोकळ्या घरांसकट 210 मिलिमीटर होतात, अन् उभा ए-फोर अख्खा 210 चाच, बाकी कशाला जागाच उरत नाही! त्यामुळं आधी जून ते सप्टेंबर एवढेच चार महिने घे, खाली क, ख, ग, घ लिही अन् कोणतं अक्षर कोणता महिना ते वेगळ्या पानावर दे. ज घेऊ नको, जून अन् जुलै दोन्ही तिथंच येतात. मराठी मजकूर ब्रेलमध्ये करायला लिबलुई नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, त्यात मराठी आहे, ते नव्यानं लिहीत बसू नको.

अन् दर वेळी एम्बॉसरकडं पळू नको, ते मशीन लाखांच्या घरात जातं, दुसऱ्याच्या वेळेवर काम अडतं. आलेख आरशातल्यासारखा उलटा करून जाड कागदावर साध्या प्रिंटरनं छाप, खाली जुना माऊसपॅड ठेव, संपलेल्या बॉलपेननं रेषा दाबून काढ अन् अक्षांवर टेलरचं दातेरी चाक फिरव, म्हणजे ठिपक्यांची रेघ येते. कागद पालटला की सगळं उठून आलेलं असतं. पाच रुपयांत दहा चुका कळतात, मला तर हीच खरी टेस्टिंग वाटते.

कागद तिच्या हातात दिलास की तिचं बोट धरून फिरवू नको, सांगूही नको काही. फक्त विचार, सगळ्यात जास्त पाऊस कोणत्या महिन्यात? बोट कुठं थबकतं, कुठून परत फिरतं ते लिहून ठेव अन् तेवढंच कोडमध्ये दुरुस्त कर. आणि हो, कागद सरळ कुठून धरायचा ते कळायला वरचा उजवा कोपरा थोडा काप.