श्लेष्मल लस आणि शेंबूड

प्रश्न आलाय: ‘श्लेष्मल लस’ म्हणजे चिकट लस का, आणि थेंब दिले तरी ‘लस टोचली’ म्हणायचं का?

दुसरं आधी घेतो कारण ते डोक्यात जातं. ‘बाळाला पोलिओचे थेंब टोचून आणले’! अहो थेंब पाजतात. पोलिओचं इंजेक्शनही असतं, ते खुशाल टोचा.

श्लेष्मल म्हणजे नाक, घसा, आतडं यांच्या आतल्या ओलसर अस्तराचं, त्या अस्तरावर दिलेली ती श्लेष्मल लस, संपलं. खरी गंमत या शब्दाच्या मूळ संस्कृत धातूत आहे. श्लिष् म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. आश्लेष त्यातलाच, आणि श्लेष अलंकारही, एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटलेले. श्लेष्मन् म्हणजे कफासारखा चिकट स्राव, तोही यातलाच. आता पुढे बघा, श्लेष्मन् चं पाळीत सेम्ह, प्राकृतात सेंभ आणि आपल्याकडे, हो, शेंबूड! काही पंडित तो शिंघाण (नाकातला मळ) या संस्कृत शब्दावरून काढतात. मग ‘ब’ काय आभाळातून पडला? ‘म्ह’चा ‘म्भ’ झाला, ब्राह्मणाचा प्राकृतात बंभण होतो तो याच वाटेने. आणि जे ‘देशी शब्द’, म्हणजे संस्कृतातून न आलेला, म्हणून हात झटकतात त्यांनी एकदा नाक शिंकरून परत विचार करावा.

माझं तर म्हणणं आहे की हा धातू लशीच्या कामालाही चपखल बसतो. पोलिओचे थेंब आतड्यात गेले की अस्तरातल्या एम नावाच्या पेशी त्यातला दुबळा केलेला विषाणू उचलून खालच्या पेयर पॅचेसमध्ये, म्हणजे आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींच्या पुंजक्यांत नेतात, तिथे अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी कामाला लागतात आणि आयजीए नावाच्या अँटीबॉडी तयार होतात, त्या दोन-दोनच्या जोडीने अस्तर ओलांडून वरच्या चिकट थरात येऊन बसतात, पुढे खरा विषाणू आला की त्यालाच मिठी मारतात, म्हणजे त्याला पेशीला चिकटताच येत नाही. आश्लेषच की! इंजेक्शनने मुख्यतः रक्तात आयजीजी ही दुसऱ्या जातीची अँटीबॉडी वाढते, लकवा टळतो, पण आतड्यात विषाणू वाढायला बऱ्यापैकी मोकळीक राहते आणि तो शौचावाटे बाहेरही पडतो. म्हणून तर आपल्याकडे एवढी वर्षं थेंबांवर भर होता.

हां, नाकातलं राहिलंच. करोनावरची इन्कोव्हॅक २०२२ मध्ये भारतात मंजूर झाली ना, ती ‘नाकात सोडली’ म्हणा. शेंबडी लस म्हणालात तरी व्युत्पत्तीच्या बाजूने माझी हरकत नाही.